तांदळातलं नाव आणि लाल गाडी

माझे वडील पनवेलच्या एसटी स्टँडजवळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात मी लर्निंग लायसन्स काढलं, महिन्याभराने पक्कं, आणि वडील थकल्यावर स्कूल माझ्याकडे आलं. तळोज्याचे कामगार, उरण नाक्यावरचे व्यापारी, गल्फला निघालेले तरुण, सगळ्यांना मी क्लच शिकवलाय. माझ्या नवऱ्यालासुद्धा. तो मात्र अजूनही चढावर ट्रकमागे थांबला की गाडी मागे सोडतो, आणि खोपोलीच्या पुढे घाट आला की मुकाट्याने जागा बदलून मला चालवायला देतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी उगाच चिडले असं कुणाला वाटायला नको.

लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा आम्ही जपानला जायचं ठरवलं. त्याला तिथली फुलं बघायची होती. मला तिथल्या डोंगरातल्या रस्त्यावर एक दिवस, फक्त एक दिवस, जपानी स्पोर्ट्स कार चालवायची होती. अशा गाड्या तिकडे भाड्याने मिळतात हे कळल्यापासून रोज संध्याकाळी स्कूल बंद केलं की मी कॉम्प्युटरसमोर. एक मोठ्या टर्बोची होती, मागे गोल दिवे. नवरा तिच्याच प्रेमात, कारण ताकद जास्त. दुसरी निळी, रॅलीत पळते तशी, मागे हा एवढा पंख. तिसरी लहानशी, लाल, दोघांचीच, छत उघडणारी, हाताने गिअर टाकायची. मी त्याला पंचवीस वेळा सांगितलं, घाटात ताकदीचं काय लोणचं घालायचंय? घाटात गाडी हलकी हवी. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, यात बॅगा कुठे ठेवणार? हॉटेलात, म्हटलं. शेवटी लाल ठरली. त्यानंतर चहा ढवळतानासुद्धा माझा डावा हात गिअर टाकत असायचा.

परदेशात गाडी चालवायची तर आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. निघायला बारा दिवस असताना आम्ही दोघं गेलो. तिथे माझं सतत जाणं-येणं, पण खिडकीवर नवीन क्लार्क होता. त्याने माझं लायसन्स बघितलं, पासपोर्ट बघितला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "मॅडम, यातल्या तुम्ही कोण?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. लायसन्सवर मी माझ्या वडिलांची मुलगी होते. पासपोर्टवर दुसरीच बाई. स्वतःचं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने जे नाव लिहिलं होतं, ते. सासूबाईंनी निवडलेलं. मला न विचारता. तेव्हा सगळे हसत होते म्हणून मीही हसले. पुढे पासपोर्टचा फॉर्म भरताना नवऱ्याने तेच नाव घातलं आणि मी सही ठोकली. लायसन्स तसंच राहिलं, कारण आरटीओत मी आजही वडिलांचीच मुलगी. आणि मूर्खपणा बघा, शेकडो लोकांना मीच बजावत आलेय की कागद आणाल तेव्हा नाव सगळीकडे सारखं आहे ना, ते बघा. स्वतःचे कागद बघायला मला पंधरा वर्षांत फुरसत मिळाली नाही.

नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणा, मग लायसन्स दुरुस्त करा, मग या, असं क्लार्कने सांगितलं. म्हणजे महिना-दीड महिना. नवऱ्याचं काम मात्र तेव्हाच झालं. त्याचं नाव बारशापासून एकच आहे.

जिना उतरताना तो म्हणाला, "एवढं काय त्यात? मी चालवतो ना. तू शेजारी बसून सांग."

तळपायाची आग मस्तकात गेली. भर जिन्यात मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बुकिंग रद्द करायला माझा हात धजला नाही, हेही खरं. ती गाडी निदान बघायची तरी होती.

बघितली. फोटोत होती त्याहून बुटकी आणि देखणी. गाड्या भाड्याने देणाऱ्या काउंटरवरच्या जपानी मुलीने कमरेत वाकून, दोन्ही हातांनी किल्ली नवऱ्याला दिली. मी निवडलेली गाडी, आणि किल्ली त्याला. मी डाव्या सीटवर बसले. आमच्या स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. इथे नुसता गालिचा होता, आणि माझे पाय तो गालिचाच दाबत होते.

पहिल्याच चढावर सिग्नल लागला. हिरवा झाल्यावर त्याने क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. मागे पांढरी व्हॅन उभी होती. मी हँडब्रेक खेचला. व्हॅनवाला हॉर्नसुद्धा वाजवेना, त्याचाही मला राग आला.

"गाडी परत न्या," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

परत गेलो आणि आपोआप गिअर बदलणारी एक पांढरी डबी घेतली. तिच्यात बसून त्याने फुलं बघितली. मी खिडकीला डोकं टेकून रडले, आणि तो विचारत राहिला की तुला बरं नाही का.

पनवेलला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन एजंटकडे निघाले. नवरा म्हणाला, "बरं झालं, लायसन्सवर नवीन नाव लावून घे एकदाचं."

"लायसन्सला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "पासपोर्टवर माझं नाव घालायचंय."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ चप्पल पायाने इकडून तिकडे सरकवत राहिला. मग हळूच, खरोखर दुखावून म्हणाला, "ते नाव मी माझ्या हाताने तांदळात लिहिलं होतं."

"त्या तांदळाचा दुसऱ्याच दिवशी भात झाला," मी म्हटलं. "तुम्हीही जेवलात."