कायमच्या पत्त्याचा रकाना

माझ्या शेजारच्या केबिनमधला जर्मन इंजिनिअर निवृत्त होत होता. कुवेत सोडताना आमची कंपनी एक फॉर्म भरून घेते, त्यात मायदेशातला कायमचा पत्ता लिहावा लागतो. या गृहस्थांचा जन्म, वडील नोकरीला होते त्या तेलकंपनीच्या वसाहतीतला, कुठल्याशा वाळवंटातला. पुढचं आयुष्य अशाच वसाहतींत आणि शेवटची बावीस वर्षं इथे कुवेतमधल्या अबू हलीफा भागातल्या एका फ्लॅटमध्ये गेली. बायको केव्हाच सोडून गेलेली. जर्मनीत आजोबांचं गाव होतं, वाइनच्या द्राक्षांचं. तिथे एखादी खोली घ्यायची आणि वेळ आली की आजोबांशेजारी जाऊन पडायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

कंपनीने आम्हा दोघांना पंप तपासायला जर्मनीत पाठवलं, तेव्हा परतीआधी त्यांनी गावासाठी दोन दिवस काढले. मी नाशिकचा, म्हणजे मला द्राक्षातलं कळतं, असं धरून मलाही ओढलं. मी द्राक्षं हातगाडीवर पाहिली आहेत.

त्यांनी आधी पत्राने कळवलं होतं, तेच चुकलं. तिथल्या सरपंचांनी गळ्यात बिल्ल्यांची साखळी घालून स्वागत केलं. शेजारी त्या भागातली द्राक्षराणी उभी होती, वाइनच्या जाहिरातीसाठी दरवर्षी निवडतात ती : विशीतली मुलगी, डोक्यावर मुकुट, पायात स्पोर्ट्स शूज. लेकरू घरी आलं, असं सरपंच वीस मिनिटं सांगत होते. त्यात लेकराचं आडनाव दोनदा चुकलं. शेवटी वाइनची बाटली दिली, जी कुवेतला नेता येत नाही.

मग आम्ही चर्चमागच्या दफनभूमीत गेलो. आजोबांच्या जागी हिरवळ होती, नुकतीच कापलेली. राखणदार बोलत होता आणि हे मला इंग्रजीत सांगत होते. कबर ठरावीक वर्षांपुरती मिळते. मुदत संपली की दगडावर चिठ्ठी चिकटवतात, वर्षभर वाट बघतात, कोणी मुदत वाढवायला आलं नाही तर दगड काढतात. नवी जागा फक्त गावात राहणाऱ्यांना. आणि राहायला भाड्याची खोली? घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलीत, म्हणाला. राणीसुद्धा पलीकडच्या गावची, इथे त्या वयाचं कोणी उरलेलं नाही.

कुवेतमध्ये राहण्याच्या परवान्याला अकामा म्हणतात. तो वेळेवर वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर चालते व्हा.

"म्हणजे इथेही अकामा," ते म्हणाले. "मेल्यावरसुद्धा."

मी हसलो. ते हसले नाहीत. बाटली त्यांनी राखणदाराला देऊन टाकली.

परतल्यावर ते फॉर्म घेऊन आमच्या कारकुनाकडे बसले. कारकून रत्नागिरीचा. त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, तो कॉलम रिकामा चालत नाही. काहीतरी टाका म्हणावं. कोण बघायला जातंय?"

मी तसं सांगितलं. त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढलं आणि त्यावरचा पत्ता सावकाश उतरवला. गावातल्या ज्या लॉजवर आम्ही एक रात्र उतरलो होतो, तिचं कार्ड.

शिक्का मारताना कारकुनाने मला विचारलं, साहेबांचं गाव कसं आहे.

हिरवळ चांगली राखतात, म्हटलं.