सेन्सेईंचा चौथा शब्द

सेन्सेई आमच्या घरात आले की आधी कमरेतून वाकायचे. मला नव्हे, मुलाला नव्हे, अख्ख्या हॉलला एकदम. मग सरळ होऊन म्हणायचे, "काकू, चहा टाका." त्यांची जपानी नम्रता तिथंच संपायची.

सेन्सेई म्हणजे गुरुजी. हे नाव त्यांना कोणी दिलं म्हणाल, तर त्यांनी स्वतःच. मूळचे पुण्याचे. इथं आखातात एका गॅस प्लांटच्या स्टोअरमध्ये जपानी साहेबाच्या हाताखाली आठ महिने काढले, तेवढ्या शिदोरीवर दर शुक्रवारी अल मन्सूरातल्या आमच्या हॉलमध्ये त्यांचा जपानीचा क्लास. परवानगी मुलानं दिली, त्याचं काय जातंय? चहा मला करावा लागायचा. मी आपली तिथंच भाजी निवडत बसायची, तसे चार शब्द मलाही चिकटले.

शिकवायची पद्धत एकच. जपानी शब्द मराठी खुंटीला टांगायचा. "तुमच्या इंग्रजीत बिचारा एकच फ्री," असं मला सांगायचे, जसं काही इंग्रजी माझ्या माहेरचं. "जपान्यांकडे चार. वेळ मोकळा असला तर हिमा. हिमालयात गेलेल्याला काय काम असतं? खुर्ची मोकळी, तर आइते इरु. आयती मिळाली, बसा. फुकट ते तादा. दादाकडे बिल कोण मागतो? आणि स्वातंत्र्य म्हणजे कत्ते. कट्ट्यावर बसलेल्याला कोणी जाब विचारतं का?"

पहिले तीन शब्द बरोबर होते, हे त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते.

चौथा त्यांच्या साहेबाचा. "काकू, साहेब मला रोज म्हणायचे, कत्ते नि शिरो. म्हणजे तुला पूर्ण स्वातंत्र्य आहे. केवढा विश्वास." हे सांगताना शर्टाची बटणं ताणली जायची. मग आठ महिन्यांत नारळ का दिला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "स्वातंत्र्य दिलेल्या माणसाला बांधून कसं ठेवणार?" इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाजायचा मात्र छान.

असल्या क्लासला टिकणार कोण? शेवटी एकटा दत्तू उरला. सोलापूरकडचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुऐदरला, एका अरबाच्या घरी ड्रायव्हर. त्याला जपानात ट्रक चालवायला जायचं होतं. एवढ्या लांब कशाला रे, म्हटलं. म्हणाला, "आज्जी, हितं सुट्टीच्या दिवशीबी यल्ला, चल लवकर, म्हणून फोन येतोय. आठवड्यातला एक दिवस कुठं जायचं ते माझं मी ठरवावं, एवढंच हाय बघा."

त्याचा इंटरव्ह्यू आमच्याच हॉलमधून झाला, कॉम्प्युटरवर. पलीकडे ट्रक कंपनीचा जपानी साहेब आणि हिंदी बोलणारी एक जपानी बाई, दुभाषी. सेन्सेई कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेले. जपानात का यायचंय, असं विचारलं. दत्तूनं महिनाभर घोकलेलं वाक्य घडाघडा म्हटलं, "कत्ते नि हाताराकिताई."

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. सेन्सेई उठले आणि "पाणी पिऊन येतो" म्हणत स्वयंपाकघरात गेले ते गेलेच.

बाई हिंदीत म्हणाली, "भैया, इसका मतलब हुआ, मैं अपनी मनमानी से काम करूँगा." दत्तूचा चेहरा उतरला. तरी धीर करून त्यानं विचारलं, "और कत्ते नि शिरो?" ती हसली. "वो तो तंग आकर बोलते हैं. जो करना है कर, मुझे क्या." स्वातंत्र्याला जियू म्हणतात, हेही तिनंच सांगितलं. लिहिताना पहिली खूण ‘स्वतः’ची असते म्हणाली. दत्तूनं ते हातावर लिहून घेतलं. पण साहेबानं फाईल मिटली होती. सहा महिन्यांनी पुन्हा या, म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले, तर सेन्सेई डब्यातला चिवडा खात उभे. बाहेर येऊन दत्तूलाच म्हणाले, "तुझा उच्चार चुकला." माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण दत्तू आधी बोलला, "व्हय सर, चुकला." ते गेल्यावर मी त्याला झापलं. तो म्हणाला, "जाऊ द्या आज्जी. त्यांच्यापाशी तेवढं एकच हाय. ते कशाला काढून घ्यायचं?"

महिन्याभरानं सेन्सेईंचा व्हिसा खलास झाला. निरोप घ्यायला आले तेव्हाही हॉलला वाकले, चहा मागितला, आणि पुण्यात मोठा क्लास काढणार म्हणाले. दत्तू तिकडे मुऐदरला अजून फोनच्या तालावर गाडी फिरवत होता, त्याची साधी चौकशीसुद्धा नाही. दारात बूट घालताना म्हणाले, "मग काकू, काढू ना क्लास?"

मी म्हटलं, "कत्ते नि शिरो."

अगदी सेन्सेईंच्या त्या साहेबाच्याच अर्थानं म्हटलं. राग होता माझा.

सेन्सेई एक बूट घालायचा ठेवून तसेच थांबले. मग कमरेतून वाकले, आणि या वेळी हॉलला नव्हे, मला. वर आले तेव्हा डोळे ओले होते.

"साहेबांनंतर हे मला तुम्हीच म्हणालात, काकू."