शिरगावचं पहिलं ताट

सरकारी नोकरीत मी जन्मभर दुसऱ्यांची पडलेली घरं उभी केली. पूर, दरड, वादळ, जिथे काही कोसळलं तिथे माझी बदली ठरलेली. नवरा तारापूरच्या वीजकेंद्रात, बिऱ्हाड बोईसरला, आणि मी कुठल्यातरी विश्रामगृहात चहाच्या नावाखाली गरम पाणी पीत बसलेली. तक्रार नाही, कामाची मला हौसच होती. पण निवृत्त झाल्यापासून जीव ओढ घेतो तो शिरगावच्या एका घराकडे. त्या घराचा उंबरा मी कधी ओलांडलाच नव्हता.

वादळानं तिथली किनाऱ्यावरची घरं पाडली आणि पुनर्वसनाचं काम माझ्याकडे आलं. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. तिथे एक मच्छीमार आजी होती, विधवा सुनेबरोबर राहणारी. मला पाहिलं की लांबूनच ओरडायची, "आली बघा घाटावरची बाय!" तिच्या नव्या घराचं जोतं बांधून झालं, त्या दिवशी तिनं सरळ बादलीच माझ्या हातात दिली. "नुसत्या बघता काय? पानी मारा, सुकतंय ते." अहो, मी अधिकारी! मागे ड्रायव्हर तोंड फिरवून हसतोय. पण मारलं पाणी. पुढे तर मी गेले की माझी बादली भरूनच ठेवलेली असायची.

पाणी मारून झालं की शेडच्या दारात बसवून सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. 'पुरे' म्हटलं की डोळे वटारायची. आई गेल्यापासून इतक्या हक्कानं मला कुणी जेवू घातलं नव्हतं. "घर झालं का पयलं ताट तुमचं," ती म्हणायची, आणि मी मनातल्या मनात त्या दिवसाची वाट बघायला लागले.

छप्पर चढायच्या आतच माझी बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या पुरावर. काही महिन्यांनी कार्यालयातल्या एकानं फोनवर सहज सांगितलं, शिरगावच्या आजींची घरभरणी झोकात झाली. मला साधा निरोपही नाही? न बोलावता कुणाच्या दारी जायचं नाही, ही आमच्या माहेरची शिस्त. बसले फुरंगटून. पुढे सुट्टीवर बोईसरला यायचे, शिरगाव हाकेच्या अंतरावर, पण पाऊल उचललं नाही. बोंबील तळल्याचा वास आला तरी डोळे भरायचे.

गेल्या महिन्यात पालघरच्या मासळी बाजारात हाक आली, "मॅडम, तुमी?" आजीची सून, समोर कोलंबीची टोपली. माझा इतक्या वर्षांचा राग तिथेच बाहेर पडला. "घर झाल्यावर विसरलात ना मला? एक बोलावणं पाठवलं नाहीत!"

"बोलावनं? मी बोलली होती आईला, मॅडमना फोन करू. तर माज्यावरच चिडली. म्हनाली, जोत्याला पानी मारनारी बाय घरची. घरच्या मानसाला कोन आवतन देतं? येल ती." तिनं कोलंबीवर पाणी शिंपडलं. "पयलं ताट तुमचंच वाढलेलं. कोनाला हात लावू दिला नाय. दिवे लागले तरी स्वता जेवली नाय."

"आजी कशा आहेत?" मी विचारलं.

"आई गेली, मॅडम. दोन पावसाळे झाले."

तिनं टोपली झाकली, शेजारणीला गाळा बघायला सांगितलं आणि निघाली. मीही तिच्या मागोमाग निघाले. चला, असं ती म्हणाली नाही.

शिरगावच्या त्या घरात पंख्याखाली पाट मांडून तिनं मला वाढलं. तेच कालवण, तीच भाकरी. समोर भिंतीवर आजीचा फोटो, डोळे वटारलेलेच. पहिला घास हातात घेऊन मी फोटोकडे पाहिलं.

"आले हो आजी," मी म्हटलं, "उशीर झाला."