पार्किंगमधला सत्कार

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. मेसईद, कतार.

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. प्लांटचं शटडाऊन होतं हे खरं, पण लिहावंसंच वाटत नव्हतं हेही खरं. आज वाटतंय... आणि ते काही चांगल्या कारणाने नाही.

आज सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या मुलांची बालदिनाची क्रिकेट मॅच होती. मॅचनंतर मुलांना मेडल्स द्यायला त्यांचे कोच येणार होते, आणि स्टेजवर त्यांचा सत्कारही ठरला होता. आमंत्रण मीच दिलं होतं, कारण मंडळाचा क्रीडासचिव मी आहे.

कोच पाकिस्तानचे. पाकिस्तानकडून इंटरनॅशनल खेळलेले ऑलराउंडर. नाव लिहीत नाही... त्यांना त्रास नको म्हणून, असं स्वतःला सांगतोय. ते कितपत खरं आहे, माहीत नाही.

आता ते दोह्यात एका कंपनीत स्पोर्ट्स इन-चार्ज आहेत, राहायला तिथेच, अल मन्सूरा भागात. दर शुक्रवारी सकाळी गाडी काढून इथे मेसईदला येतात आणि आमच्या कॉलनीतल्या पोरांना शिकवतात. माझी बारा वर्षांची निहिरा डावरी स्पिन त्यांच्याकडेच शिकली. सगळी मुलं त्यांना नुसतं 'सर' म्हणतात.

सरांचं करिअर छोटं. टीमला बॅट्समन हवा असला की हे बोलर ठरायचे, बोलर हवा असला की बॅट्समन. दोन्ही येत होतं, म्हणून दोन्हीकडून बाहेर.

एकदा तर आपल्याला वगळल्याचं त्यांना पेपर वाचून कळलं. कारण छापलं होतं, गुडघ्याची दुखापत. "घुटना मेरा, और दर्द का पता अख़बार को पहले!" हे ते हसत हसत सांगायचे. आम्हीही हसायचो.

बुधवारी कमिटीची मीटिंग झाली. अध्यक्ष मिलिंद, माझा जुना मित्र. म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे रे. प्रश्न माणसाचा नाहीच, फोटोचा आहे."

स्टेजवर शाल घालतानाचा फोटो ग्रुपवर पडणार, तिथून तो गावाकडे जाणार... "मग तिकडे माझ्या भावाला लोक काय काय ऐकवतील. उत्तरं द्यायला तू जाणार? परराष्ट्रमंत्री आहेस का तू?"

मी थोडा वाद घातला. मग नाशिकला राहणारे माझे आईबाबा डोळ्यासमोर आले, आणि मी "ठीक आहे" म्हणालो. मतदान वगैरे झालंच नाही... गरजच पडली नाही.

सरांना 'स्टेजवर येऊ नका' असा फोन करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती. पहिलंच वाक्य अर्धं झालं तेवढ्यात ते म्हणाले, "भाई, सिलेक्टरों के फ़ोन बहुत उठाए हैं मैंने. आवाज़ से पता चल जाता है. बोलो, घुटना ख़राब कर लूँ या बुख़ार?"

मग तेच म्हणाले, "बुख़ार बोल दो. घुटना बोलोगे तो बच्चे डर जाएँगे कि अब सर नहीं सिखाएँगे."

खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.

पण मुलांचं सगळं किट सरांच्या गाडीत असतं. स्टंप, पॅड, हेल्मेट, सगळं. म्हणजे मॅचसाठी त्यांना यावंच लागणार होतं. मिलिंद म्हणाला, "बरंच झालं की! शाल-नारळ आणलेलाच आहे. बाहेरच देऊन टाक. आपल्याकडून कसर नको."

आज मॅचच्या आधी सर कॉलनीतल्या क्लबच्या मागच्या पार्किंगमध्ये आले. आम्ही दोघांनी किट उतरवलं. मग मी कॅरीबॅग पुढे केली आणि मंडळातर्फे छोटीशी भेट वगैरे काहीतरी पुटपुटलो.

त्यांनी आत डोकावून शाल पाहिली. आणि बॅग हातात न घेता मान खाली करून उभे राहिले. शाल कशी घालतात ते पोरांनीच त्यांना सांगून ठेवलं असणार.

मी शाल उलगडली. आणि घालायच्या आधी एकदा आजूबाजूला बघितलं... कुणाच्या हातात मोबाइल आहे का.

मान खालीच ठेवून ते म्हणाले, "कोई नहीं है, भाई. मैंने देख लिया है."

घातली शाल. नारळ दिला. "निहिरा को पहला ओवर मत देना, घबरा जाती है," एवढं सांगून ते जुम्म्याच्या नमाजासाठी दोह्याकडे निघाले.

मॅच छान झाली. माइकवर मिलिंदने सांगितलं की सरांना ताप आहे, पण त्यांच्या शुभेच्छा आपल्यासोबत आहेत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

निहिराला तीन विकेट मिळाल्या. घरी आल्या आल्या ती म्हणाली, "बाबा, कॅन वी टेक सम सूप फॉर सर?" मी म्हटलं, त्यांना आराम करू दे. मग तिने माझ्या फोनवरून त्यांना व्हॉइस नोट पाठवली, तिन्ही विकेट सविस्तर सांगून.

उत्तर लगेच आलं. "शाबाश बेटा, तीन विकेट!"... आणि मग खोकला. चांगला दोनदा. नंतर बारीक आवाजात, "बस, दो दिन में ठीक हो जाऊँगा."

निहिराने ते पुन्हा लावलं. "ही साउंड्स सो सिक," म्हणाली, आणि डोळे पुसले.

खेळायच्या दिवसांत धडधाकट असताना ज्यांना आजारी ठरवलं गेलं, ते आज आमच्यासाठी आपणहून खोकले. याला उपकार म्हणायचं तर तो फेडायचा कसा, ते मला कळत नाही.

मंडळातले लोक हे वाचतील. वाचा.

उद्या: निहिराला सांगणे, सरांना ताप नव्हता.