जळून जायच्या थैल्या

सोलापूर स्टेशनाबाहेर आले तेव्हा वेळ सकाळची होती, पण ऊन दुपारचं होतं. नलूवन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "परवा आमच्या गटाचा मोर्चा हाय. तू ये. लिहितीस की काहीबाही." माझ्या लिहिण्याची सासरच्या माणसांनी दखल घेतली, ती ही अशी. तेवढ्यावर खूश होऊन मी पुण्याहून निघाले. निघताना नवऱ्याने बजावलं, "पुढे उभी राहू नकोस." मी आजवर कशाच्याच पुढे उभी राहिलेली नाही, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

सात रस्त्याला रिक्षा सोडली आणि सातांतला नेमका चुकीचा रस्ता धरला. बॅग ओढत बरीच चालले, तेव्हा एका चपलांच्या दुकानदाराला माझी दया आली.

"कुटं जायचंय, मावशी?"

मी शिलाईच्या महिला गटाचं नाव सांगितलं.

"थैल्यावाल्या बायका व्हय? मग मागं फिरा की. हितं कुटं आलाय?"

थैल्यावाल्या. वर्षानुवर्षं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या गटाला गावाने नवं नाव दिलं होतं.

वन्संची शेड विणकरांच्या वस्तीत आहे. शेजारच्या मागांचा खडखडाट पत्र्यातून आत येतो. आत शिलाई मशिनी होत्या, पण सगळ्यांवर जुनी लुगडी टाकलेली. भिंतीशी पांढऱ्या कापडाची गाठोडी रचलेली. वन्संनी आधी जेवायला वाढलं. कडक भाकरी (वाळवलेली, पापडासारखी कुरकुरीत) आणि शेंगाचटणी. मी भाकरीला थेट दात लावला आणि दाढ धरून बसले.

"वैनी, ती चुरून खायची असती," वन्सं म्हणाल्या. "पुण्याला जाऊन दात पण मऊ झाले काय?"

मग पाणी पिऊन त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

तोफगोळे बनवणाऱ्या एका कंपनीला सरकारने मोठं कंत्राट दिलं. त्यातलं शिलाईचं काम सरकारी कचेरीमार्फत महिला गटांकडे आलं. छोट्या पांढऱ्या थैल्या, तोंडाला नाडी. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. बायकांना वाटलं, बियाण्याच्या असतील.

"आमी गणवेशाचाच दोरा लावला," वन्सं म्हणाल्या. "पॉलिस्टरचा. पोरं शाळंत वढावढी करतात, शिवण उसवाय नको म्हणून. थैल्या लई पक्क्या झाल्या. तर सगळ्या माघारी आल्या. म्हणं, दोरा जळत न्हाय, वितळतो. सुती लावा. आमी इचारलं, पण जाळायचंय कशाला?"

तेव्हा उलगडा झाला. तोफेचा गोळा उडवायला त्याच्यामागे दारू भरतात, ती या थैल्यांत. बार उडाला की थैलीही जळून गेली पाहिजे, तोफेत काही उरता कामा नये. कंपनीला गोळे परदेशात विकायचीही परवानगी होती. ते कळल्यावर वन्संनी शिवणं थांबवलं.

इतका वेळ दाराशी बसून सुपारी कातरणाऱ्या बाई पहिल्यांदा बोलल्या. त्या लक्ष्मीअक्का, तेलुगू विणकर घरातल्या. त्यांचा मुलगा फौजेत, सीमेवर.

"मी आधी भांडले हिच्याशी," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा तितं उभा हाय. त्याच्या तोफेला थैली नको? मी एकटी शिवते म्हटलं."

"मग?"

"मग पोराला फोन केला. त्याला इचारलं, ह्या थैल्या तुझ्याकडंच येतात का रे? तो म्हणाला, अम्मा, मला कसं ठाऊक?" त्यांनी अडकित्ता मिटला. "त्याला ठाऊक न्हाय, मला ठाऊक न्हाय. कचेरीतल्या साहेबाला तरी असंल. त्याला इचारू. त्यानं सांगितलं तर शिवते."

पण विचारणं सोपं नव्हतं. गणवेशांचं काम त्याच कचेरीतून येतं, आणि गटातल्या घरांच्या चुली त्याच कामावर पेटतात. साहेब बिघडले तर शेडच बंद.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. घोषणा नव्हत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर न शिवलेल्या थैल्यांच्या कापडाचं गाठोडं. एक मीही घेतलं, आणि पहिल्याच चौकात ते माझ्या चष्म्यावर सरकलं. पुढचा रस्ता मी वन्संच्या टाचा बघत कापला. वाटेत आणखी दोन गटांच्या बायका येऊन मिळाल्या. हातगाडीवाले गाड्या बाजूला घेत होते. कुणी काही विचारलं नाही.

कचेरीतले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी खुर्च्या मागवल्या. कुणी बसलं नाही.

"साहेब," लक्ष्मीअक्का म्हणाल्या, "हे कुणावर पडणार?"

"मावशी, ते आपल्याला कळवत नाहीत."

"तुमाला पण न्हाय?"

"नाही."

अक्कांनी गाठोडं त्यांच्या टेबलाशेजारी ठेवलं. "मग वद्दू (नको)," त्या म्हणाल्या. एकेक करत सगळ्यांनी आपापलं ठेवलं. माझं ठेवताना सुटलं, आणि कापलेले पांढरे तुकडे फरशीवर पसरले. त्यांची गोल बुडं बाळाच्या टोपड्याएवढी होती. ती गोळा करायला साहेबही वाकले. उठताना ते हलक्या आवाजात वन्संना म्हणाले, "गणवेशांचं मला काही सांगता येणार नाही, ताई."

"ते समजूनच आलोय," वन्सं म्हणाल्या.

घरी आले. नवऱ्याने विचारलं, "मग, जिंकल्या का?" थैल्यांचं काम दुसऱ्या गावाला गेलं, हे कळलं होतं. गोळे बनणार, आणि कुठेतरी पडणारही. मला वाटे, लढाई म्हणजे लोखंडाचं काम. तिला सुती दोरा लागतो, नाडी लागते, बसून शिवणारी कुणी बाई लागते, हे मला या वयात सोलापुरात कळलं.

परवा वन्संना फोन केला. गणवेश यंदा मिळाले नाहीत. बाजारातले परकर शिवतायत, मिळतील तसे.

"पस्तावा होतो का?" मी विचारलं.

मागे एकच मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"रोज थोडा होतो की," वन्सं म्हणाल्या. "शाळंची पोरं दारावरनं जातात तवा. मग लक्ष्मी आलेली असती. तिला अजून दोघी-चौघी टाकून बोलतात, पोरगा फौजेत आन आई अशी म्हणून. ती सरळ मशीनवर बसती. मग मी पण बसती."