एकटीने उचलायची मोटरसायकल

मंगळवारी सकाळी बाबा गेले. मी चहा टाकला होता. तो उतू गेला. आत्याने गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

त्याआधी कित्येक वर्षं बाबा अंथरुणावर होते. त्यांची उजवी बाजू गेली होती. मी अलिबागच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि आमचं घर रेवदंड्याजवळ आहे. त्या वर्षांत माझं जग स्कूटरवरून जाऊन संध्याकाळच्या औषधाच्या आत परत येता येईल एवढं होतं. एका बाजूला पोयनाड, दुसऱ्या बाजूला मुरूड. याची मला तक्रार नाही, असं मी लोकांना सांगत असे आणि बहुतेक वेळा ते खरंही असे.

बाबा गेल्यावरही औषधाच्या वेळेला फोन वाजत राहिला. गजर मी बंद केला नाही, कारण बंद केल्यावर त्या वेळी काय करायचं ते ठरलं नव्हतं. मी पुस्तकं वाचायचे. प्रवासाचीच जास्त. वाचता वाचता नकाशा उघडायचे आणि आगरदांड्याच्या जेट्टीशी येऊन थांबायचे. जेट्टीवरून गाड्या नेणारी बोट दिघीला जाते. खाडीच्या पलीकडचा तो किनारा मुरूडहून दिसतो. बाबा आजारी पडल्यापासून मी तिथे गेले नव्हते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी फोनवर एक जाहिरात दिसली. वापरलेली अ‍ॅडव्हेंचर टूरिंग मोटरसायकल विकणे आहे. उंच, पुढे चोचीसारखा मडगार्ड, तारांची चाकं, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. पण मी फोटो मोठा करून पाहिला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. मोटरसायकल घरात उभी होती. मागे कपबश्यांचं काचेचं कपाट होतं आणि आरशावर कुणीतरी विणलेला रुमाल घातला होता. ज्या घरात मोटरसायकलीला रुमाल घालतात ते घर मला पाहायचं होतं.

आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"वर्षाच्या आत घरात नवी वस्तू येत न्हाय," ती म्हणाली. "दिव्यालीला कंदील लावला न्हाय आपण. आन तू फटफटी आणतेस?"

"नवी कुठेय? चार वर्षांची जुनी आहे."

आत्याचे हात थांबले. आमच्याकडे वर्षाच्या आत नवं काही घेत नाहीत. जुन्याबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. तिने बराच विचार केला. मग एक खडा बाजूला टाकला.

"मंग पेढे वाटू नको. हार घालू नको. जुनी हाय तर जुन्यासारखी येऊ दे."

मुरूडच्या पुढच्या एका मोहल्ल्यात ते घर होतं. मुलगा आखातात नोकरीला, सुट्टीवर आलेला. या खेपेला तो आईलाही बरोबर नेणार होता, म्हणून मोटरसायकल विकायची. त्याने दारात फळी लावून ती बाहेर काढली, तेव्हा त्याची आई उंबऱ्यात उभी राहिली. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हटलं.

"इतकी वर्षं बंद होती?" मी विचारलं.

"बंद का म्हणून?" खाला जरा दुखावल्याच. "दर जुम्म्याला मी चालू करते ना."

"तुम्ही चालवता?"

"या अल्ला! चालवते कुठे? चालू करते. दोन्ही दारं उघडायची, बटन दाबायचं आणि तसबीची माळ घेऊन बाजूला बसायचं. हा तिकडून फोनवर आवाज ऐकतो. अम्मी, बस, म्हणाला की बंद."

"आवाजावरून कळतं मॅडम," मुलगा लाजून म्हणाला. "अम्मीच्या तब्येतीचं पण त्यातच कळायचं. उशिरा चालू केली की समजायचं, गुडघा दुखतोय."

खाऱ्या हवेत समुद्राकाठच्या गाड्यांना वर्षभरात गंज चढतो. हिच्या तारांवर एक ठिपका नव्हता. मी बसून पाहिलं. दोन्ही पायांची फक्त बोटं जमिनीला लागली. मुलाने माझ्या पायांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"एका वेळी एक पाय टेकवायचा, मॅडम. आणि हे पाहा, महिनाअखेरीस आमचं विमान आहे. तोपर्यंत नाही जमलं तर परत आणा. मला वाईट वाटणार नाही."

खालांनी मला सरबत दिलं. आरशावरचा रुमाल घडी करून स्वतःकडे ठेवला आणि मोटरसायकलीच्या टाकीवर हात फिरवून त्या आत निघून गेल्या.

गिअरची गाडी मला येत होती. कॉलेजात असताना बाबांनी ओहोटीच्या वाळूवर शिकवली होती. त्या दिवशी काशीदची वळणं, कोर्लईचा चढ, साळावचा पूल मी अशी पार केली की जणू ही गाडी मी रोजच नेत होते. चालताना तिचं वजन कुठे जायचं कोण जाणे. मी मोठ्याने हसले, हेल्मेटच्या आत, आणि मग एकदम गप्प झाले. दुखवट्यातल्या माणसाने असं हसू नये असं वाटलं. पुलावर पुन्हा हसले.

आमच्या अंगणाला गटाराकडे उतार आहे. आयुष्यभर त्यावरून चाललेय, पण तो उतार आहे हे मला त्या दिवशी कळलं. डावा पाय टेकवायला गेले, जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हती. मोटरसायकल हळूच, एखादी म्हैस बसावी तशी आडवी झाली. मी बाजूला उभी राहिले. मला काही लागलं नाही. हँडल धरून ओढलं. ती हललीसुद्धा नाही.

नाक्यावरून तिघे धावत आले. त्यात अलिबागच्या फेऱ्या मारणारा एक रिक्षावाला होता, मला रोज पाहणारा.

"मॅडम, पुस्तक पडलं तर वाकून उचलाल. हिच्यासाठी न्हावा शेव्यावरनं क्रेन मागवा!"

तिघांनी ती उभी केली आणि हसत गेले. आत्या ओटीवर उभी राहून सगळं पाहत होती.

"रस्त्यात पडलीस तर तिथं हे तिघं येणार हायेत?"

मी टाकीवरची माती पुसली.

"एकटीनं उचलून दाखव. तवर ही अंगणाबाहेर जायची न्हाय. न्हाय जमली तर ज्याची त्याला परत."

ती रागाने बोलत नव्हती. तिला एक भाऊ नुकताच पोचवावा लागला होता. आणि तिचं म्हणणं मला पटलं, हीच अडचण होती. जी मला उचलता येत नाही, तिच्यावर बसून मी आगरदांड्याच्या पलीकडे कशी जाणार होते?

शेजारच्या शेतात भात झोडून झालं होतं. तिथून पेंढा आणून मी अंगणात पसरला, त्यावर मोटरसायकल आडवी केली आणि कामाला लागले. मी वाचणारी बाई. आधी माहितीपुस्तक वाचलं, मग फोनवर व्हिडिओ पाहिले. त्यांत धिप्पाड माणसं होती आणि ती फार हसत होती. कॉलेजातून आले की मी साडी सोडून सलवार-कमीज घालायचे, हँडल धरायचे आणि ओढायचे. हात दुखले, खांदे दुखले. ती वीतभर उठायची आणि पुन्हा पेंढ्यावर पडायची. रोज अंधार पडला की तो रिक्षावाला येऊन एका हाताने हातभार लावायचा, आणि आम्ही दोघे मिळून ती उभी करायचो. त्याने थट्टा करणं सोडून दिलं होतं. ते मला थट्टेपेक्षा जड गेलं.

बाकी संसार मात्र जमत होता. गादीवाल्याने सीटमधला फोम कापून ती दोन बोटं खाली आणली. दर दोन दिवसांनी गोड्या पाण्याने तारा धुणं, साखळीला तेल, हे माझ्या हाताने होऊ लागलं. आत्या पेट्यांची झाकणं पुसून ठेवायची, विचारलं तर म्हणायची, "परत द्यायची तर चकाचक द्यावी."

महिना संपत आला. एका संध्याकाळी मी ओढून ओढून थकले आणि मोटरसायकलीला पाठ लावून, सीटच्या कडेला टेकून खाली बसले. हँडलचं एक टोक माझ्या उजव्या हाताशी होतं, मागची दांडी डाव्या हाताशी. त्याच वेळी घरात फोनचा गजर वाजू लागला. औषधाची वेळ. माझे पाय आपोआप जमिनीत रोवले गेले, पाठ सरळ झाली.

बाबांना मी कधी ओढून उठवलं नव्हतं. सुरुवातीला एकदा ओढलं, तेव्हा ते कळवळले आणि माझी कंबर लचकली. फिजिओथेरपीला येणाऱ्या बाईंनी शिकवलं: आधी जवळ जा, अंगाला अंग लागू दे, हातांनी फक्त धर, उचलायचं मांड्यांनी, झटका देऊ नको, थांबूही नको. माझ्याहून दीडपट वजनाचा माणूस मी वर्षानुवर्षं दिवसातून कितीदा तरी उठवला होता. आणि दर वेळी अर्ध्या वाटेवर एक जागा यायची, जिथे त्यांचा चांगला पाय भार घ्यायचा आणि पुढचं ते स्वतः उठायचे. तिथपर्यंत न्यायचं, एवढंच माझं काम असायचं.

मी पाठ तशीच मोटरसायकलीला लावून ठेवली, दोन्हीकडे धरलं आणि मांड्यांवर जोर घेऊन मागे सरकू लागले. लहान लहान पावलं. ती उठली. जिथे रोज माझे हात संपायचे ती जागा मागे गेली, आणि पुढे एका ठिकाणी टायरांनी भार घेतला. पुढची ती स्वतः उठली.

मी वळून तिला स्टँडवर लावलं. आत फोन वाजतच होता. ओटीवर आत्या उभी होती, हातात सूप.

"परत पाड," ती म्हणाली.

मी पाडली. उचलली.

"आता त्या अंगावर पाड. रस्ता काय एकाच अंगाला असतो?"

उजव्या अंगावर पाडली. तीही उचलली. तोवर रिक्षावाला रोजच्यासारखा आला होता. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"क्रेन कॅन्सल," तो म्हणाला, आणि रिक्षाचा हॉर्न इतका वेळ दाबून धरला की नाक्यावरचे लोक बाहेर आले. मी घामाने भिजले होते, केसांत पेंढा होता, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत रडत होते. कुणी समजूत घालायला आलं नाही. ते रडणं कसलं आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

रात्री मी मुरूडला फोन केला. "परत आणत नाही," म्हटलं. मुलाने ते आईला मोठ्याने सांगितलं. मागून खालांचा आवाज आला, "माशाल्ला! आणि सांग तिला, चालू करून नुसती बसू नको म्हणावं. जा म्हणावं कुठेतरी."

त्या रविवारी मी गेले. आगरदांड्याला ओहोटी होती, जेट्टीचा उतार ओला होता. बोटीवरच्या खलाशाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाय पोचतात का ताई?"

"एक पोचतो."

"आन पडली तर?"

"उचलेन."

त्याने खांदे उडवले आणि वाट दिली. मी उतारावरून पहिल्या गिअरमध्ये उतरले, बोटीच्या पत्र्यावर दण्‌दण् आवाज झाला आणि दोन ट्रकांच्या मध्ये एक पाय टेकवून उभी राहिले. ती पडली नाही. खाडीचं पाणी मासेमारीच्या मचव्यांसकट मागे सरकत गेलं. दिघीचा धक्का आला. पुढे रस्ता चढाचा होता, लाल मातीचा, खडीचा, आणि मी तो पायदांड्यांवर उभी राहून चढले. त्या रात्री दिवेआगरला एका ओळखीच्या बाईंकडे मुक्काम केला. आत्याने फोनवर विचारलं, "किती येळा पडलीस?" मी म्हटलं, एकदाही नाही. ती म्हणाली, "मंग उद्या सावकाश ये. घाई न्हाय."

वर्षश्राद्ध होऊन गेलं. बाबांची खोली रिकामी आहे. घरात आत्या आहे, मी आहे. मोटरसायकल अंगणात आहे, आणि ती माझ्या नावावर आहे.