ग्लेनिसबाईंचा पायगुण

समुद्रकाठच्या स्केल्बी गावात चॅपलं, म्हणजे छोटी चर्च, तीन आणि आइस हॉकीचं मैदान एक. रविवारी सकाळी तिन्ही चॅपलांत मिळून जेवढी डोकी जमतात, त्याच्या दसपट संध्याकाळी साडेपाचला बर्फाभोवती जमतात. देवाचं नावही तिथेच जास्त वेळा निघतं, फक्त सूर जरा वेगळा असतो.

ग्लेनिस हॅलम दोन्हीकडे नेमानं जात. बावीस वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला होता, नवऱ्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनचा, आणि आर्थरला ते त्या अजून ऐकवत. देवाजवळ त्यांनी गावच्या संघाचा, सील्सचा, विजय कधी मागितला नाही. मागणं झेपेल असं असावं, ही त्यांच्या आईची शिकवण. पोरांचे घोटे नि गुडघे शाबूत ठेव, एवढंच त्या म्हणत.

स्केल्बी सील्स हा गरिबाघरचा संघ. उन्हाळ्यात कॅनडातून, स्लोव्हाकियातून नवे खेळाडू यायचे. नाताळापर्यंत त्यांच्यातले चांगले कोण ते कळायचं, आणि कळलं रे कळलं की मोठ्या गावांचे संघ त्यांना उचलून न्यायचे. ज्यांना कुणी नेलं नाही ते राहायचे. याला प्रशिक्षक रॉय टिंडल 'संघबांधणी' म्हणायचा.

आता ग्लेनिसबाईंचं दुखणं सांगायला हवं. सील्सकडे रिवाज असा की हंगामाच्या आरंभी एकेका भक्तानं एकेका खेळाडूचा शर्ट पैसे भरून आपल्या नावावर करायचा. वर्षभर त्या खेळाडूच्या नावाखाली आपलं नाव छापून येतं. मग हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्यानंतर बर्फावर लाल गालिचा अंथरतात, नावं पुकारतात, आणि खेळाडू अंगातला घामेजलेला शर्ट तिथंच काढून आपल्या भक्ताच्या हातात देतो. फोटो निघतो. तो शर्ट कुणी धुवत नाही. गंगाजळाला कुणी फिनेल घालतं का?

ग्लेनिसबाईंनी बावीस वर्षं शर्ट नावावर केला होता आणि त्या गालिच्यावर एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. कारण त्यांचा खेळाडू तोवर टिकायचाच नाही. पहिला मोठ्या संघानं नेला. दुसरा घरच्या आठवणीनं परतला. एकानं नोव्हेंबरात स्केल्बीचा समुद्र पाहिला आणि अकराव्या दिवशी विमान धरलं. एक शेजारच्या हार्टन संघाच्या मॅनेजरच्या मुलीच्या प्रेमात पडून हार्टनकडे गेला. लग्न मोडलं, पण हार्टन सोडलं नाही. दरवर्षी शेवटच्या दिवशी सगळे गालिच्यावर रांग लावायचे, आणि ग्लेनिसबाई तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन टाळ्या वाजवायच्या. त्या पांढऱ्या पायाच्या आहेत हे गावात आता कुणी कुजबुजतही नसे. उघडच बोलत.

त्या वर्षी शर्ट निवडायची सभा भरली, तेव्हा रॉयनं त्यांना चहाच्या टेबलामागे गाठलं.

"ग्लेनिस, एक विनंती आहे. नवा गोलरक्षक आलाय, मारेक. त्याला हात लावू नकोस."

"मी अजून त्याच्याकडे बघितलंही नाही."

"बघूही नकोस. फार मुश्किलीनं मिळालाय."

"मग मी कुणाला घेऊ?"

"सत्तावीस नंबर. वेड ओलेनिक. चांगला माणूस आहे."

रॉय एखाद्याला 'चांगला माणूस' म्हणाला की त्याला स्केटिंग येत नाही असं समजायचं. झालं होतं असं, की रॉयनं पबच्या अंगणात भर उन्हात फोनवर एक व्हिडिओ पाहून हा बचावपटू घेतला होता. त्या सामन्यात दोन्ही संघांत सत्तावीस नंबरचा गडी होता. रॉय पाहत होता काळ्या शर्टातला, आणि करार करून आला पांढऱ्या शर्टातला. वय चौतीस.

"म्हणजे त्याला घालवायला मी हवी," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"असं म्हणालो का मी?"

"नाही म्हणालास. पण कान लाल झालेत तुझे."

अपमान अपमानासारखा होताच. पण त्यांनी नाव लिहिलं. घरी येऊन कोट काढता काढता आर्थरला म्हणाल्या, "दरवेळी मी चांगला निवडते, म्हणून लोक त्याला पळवतात. ज्याला कुणी मागणारच नाही, तो जाईल कुठं?"

आर्थर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "बावीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची."

"आधीच होती. तुला निवडला तेव्हा हाच विचार केला होता."

परदेशी खेळाडूंची भाड्याची घरं भक्तमंडळीच सजवतात. कुणी किटली देतं, कुणी पडदे. वेडच्या वाट्याला मागच्या पिढीतला एक ओकचा सोफा आला. उचलायला चार माणसं ठरली होती. ती यायच्या आत वेडनं तो एकट्यानं पाठीवर घेऊन तीन मजले चढवला. दोन वळणांवर भिंतीचा रंग गेला. त्याचा त्या हंगामातला सर्वांत जोरदार खेळ तोच.

बर्फावर त्याची गंमतच होती. "वळायला होकायंत्र लागतं त्याला," ग्लेनिसबाईंच्या शेजारची जॅनिस म्हणाली. मारेकचा शर्ट तिच्या नावावर होता, त्यामुळे ती जरा हवेतच असायची.

"थांबतो मात्र छान," ग्लेनिसबाईंनी बाजू घेतली.

"अगं, थांबलेलाच होता तो."

वेडला हे सगळं ऐकू यायचं. तो रागवायचा नाही. मंगळवारी सराव लवकर सुटला की ग्लेनिसबाईंकडे मटण-बटाटे भरून भाजलेला मीट-पाय खायला यायचा, दोनदा वाढून घ्यायचा, आणि ताट स्वतः विसळायचा. कॅनडातल्या मुलीचे फोटो दाखवायचा. ग्लेनिसबाईंना 'मिसेस एच' म्हणायचा.

डिसेंबरात रॉय पुन्हा आला. सील्स तळाला होते.

"ग्लेनिस, डिसेंबर उजाडला."

"कॅलेंडर आहे माझ्याकडे."

"एव्हाना तुझे सगळे गेलेले असतात."

"मग मी काय करू, ढकलू त्याला?"

"एरवी काय करतेस?"

"काही नाही. जीव लावते."

"मग लाव की जरा."

हे बोलणं ग्लेनिसबाईंच्या मनाला लागलं. खरंच, या खेपेला त्यांनी माणूस निवडला नव्हता, गणित मांडलं होतं. चॅपलात डोळे मिटले की त्यांना ते खुपायचं. त्यांनी हळूहळू वेडसाठीही घोट्या-गुडघ्यांची प्रार्थना सुरू केली, मग त्याच्या मुलीसाठी, आणि जानेवारीत एका मंगळवारी तो आला नाही तेव्हा मीट-पाय तसाच झाकून बसून राहिल्या. आर्थर म्हणाला, "झालं. लागला जीव. आता जाणार तो."

पण गेला मारेक. जानेवारीच्या अखेरीस खेळाडू बदलायची मुदत संपते. त्याच्या आदल्या आठवड्यात मोठ्या संघानं त्याला नेलं. जॅनिसनं दोन सामने ग्लेनिसबाईंशी अबोला धरला. तिसऱ्या सामन्याला म्हणाली, "तू त्याला बिस्किट दिलं होतंस. मला सगळं कळलंय."

आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी हार्टनचा फोन आला. त्यांचे तीन बचावपटू एकदम जायबंदी झाले होते. उभा राहणारा कुणीही चालला असता. रॉय आनंदानं घरी गेला आणि शेजाऱ्यांना म्हणाला, "बाईचा हात अजून चालतो." फक्त वेडचा होकार हवा होता, संध्याकाळी पाचच्या आत. वेड तीन वाजता ग्लेनिसबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"मिसेस एच, जाऊ का?"

'नको जाऊस' एवढे दोन शब्द होते. फक्त दोन महिने राहिले होते. पण खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी ते जमत नाही. ग्लेनिसबाईंनी हात पुसले आणि खरं ते सांगितलं.

"त्यांचा बर्फ चांगला आहे. कपडे बदलायची खोली गरम असते. ते चौथे आहेत, पुढच्या फेरीत जातील. तुला खेळायला मिळेल." टॉवेल अडकवून म्हणाल्या, "आपण शेवटचे आहोत."

"आणि काय?"

"त्यांच्याकडचे चिप्सही बरे असतात."

"अगं, पुरे," आर्थर म्हणाला. "तू काय हार्टनची मॅनेजर आहेस?"

वेडनं उठून ताट विसळलं. मग म्हणाला, "तिथलं घर रिकामं आहे म्हणतात."

"असेल."

"म्हणजे सोफा न्यावा लागेल."

"हो. तो तुझाच आहे आता."

"तीन मजले उतरवून." त्यानं पाठीवरून हात फिरवला. "नको. राहतो मी."

बावीस वर्षांचं प्रेम आणि प्रार्थना यांना जे साधलं नाही ते एका सोफ्यानं केलं. ग्लेनिसबाईंनी आभार देवाचेच मानले. तो सोफा इतका जड कुणी केला असेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

शेवटचा घरचा सामना मार्चच्या अखेरच्या रविवारी, आणि तोही हार्टनशीच. ग्लेनिसबाई निळा कोट घालून, केस बसवून आल्या. जॅनिस आता पुन्हा बोलत होती. "टाचांचे बूट घालून आलीस? गालिचा बर्फावर असतो, बाई."

"रबरी टाचा आहेत. बावीस वर्षांपूर्वी घेतलेत."

सील्स सहा गोलांनी मागे होते, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. साठ मिनिटांच्या खेळातली तीन मिनिटं उरली असताना हार्टनच्या एका धिप्पाड गड्यानं सील्सच्या बदली गोलरक्षकाला, दिवसा पोस्टात काम करणाऱ्या गरीब माणसाला, विनाकारण जाळ्यात ढकलून दिलं. वेड वर्षभरात कुणाशी भांडला नव्हता. तो निघाला. पोचायला वेळ लागला, पण पोचला. हातमोजे पडले, दोघं एकमेकांना भिडले, आणि त्या गड्यानं वेडचा शर्ट डोक्यावरून सरळ ओढून काढला.

शर्टाच्या आत पाठीशी एक पट्टी असते. ती विजारीला अडकवली की भांडणात शर्ट निघत नाही. न अडकवता भांडलं की तडक बाहेर, आणि पुन्हा बर्फावर पाऊल नाही. पंचानं लोंबणारी पट्टी उचलून पाहिली आणि दाराकडे बोट केलं.

बाहेर जायची वाट तिसऱ्या रांगेजवळूनच होती. वेड गंजीफ्रॉकवर, नाकाला रक्त, तिथं थांबला. "मिसेस एच, पट्टी तुमच्यासाठी सोडली होती. गालिच्यावर काढताना अडकली असती. माफ करा." मग त्याला आत नेलं.

मागून कुणी तरी म्हणालं, "सत्तावन्न मिनिटांपर्यंत आणला होता हो बाईंनी." सगळे हसले. ग्लेनिसबाई हसल्या नाहीत. त्यांनी कोटाची गुंडी लावली.

सामना संपला. गालिचा अंथरला. एकेक नाव पुकारलं गेलं, शर्ट निघाले, फोटो निघाले. मग यादी वाचणाऱ्यानं सवयीनं वाचून टाकलं, "सत्तावीस, वेड ओलेनिक. शर्ट ग्लेनिस हॅलम यांचा." आणि जीभ चावली.

"बस खाली," जॅनिस त्यांची बाही ओढत म्हणाली. "कोण देणार आहे तुला?"

"नाव पुकारलंय," ग्लेनिसबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

लाल गालिच्यावरून त्या एकट्या मधल्या वर्तुळापर्यंत चालत गेल्या आणि उभ्या राहिल्या. समोर कुणी नव्हतं. सगळं मैदान गप्प झालं. शर्ट शिक्षा झालेल्या खेळाडूंना बसवायच्या कोठडीच्या दारावर टाकलेला होता, आणि शेजारी गुणलेखकाच्या टेबलावर वाकून पंच कागदांवर सह्या करत होता. त्यानं शांतता झाली म्हणून वर पाहिलं. मग पेन ठेवलं, शर्ट उचलला आणि स्केट्सवर सरकत गालिच्यापाशी आला.

"तुम्ही तिसऱ्या रांगेतल्या," तो म्हणाला.

"हो."

"मला ओरडून चष्म्याच्या दुकानाचा पत्ता देणाऱ्या."

"दर सामन्याला. अजून गेला नाहीत तुम्ही."

पंचानं शर्ट पुढे केला. ओला, गळ्याशी फाटलेला, रक्ताचे दोन ठिपके, आणि वास असा की चॅपलातली पहिली रांग रिकामी झाली असती. ग्लेनिसबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा, आणि निळ्या कोटावर घट्ट धरला.

"पट्टी त्यानं माझ्यासाठी सोडली होती."

"नियमात तसं कलम नाही, बाई."

"असायला हवं."

"जरा जवळ या दोघं," फोटोवाला ओरडला. वाटेच्या तोंडाशी वेड नाकाला टॉवेल लावून पाहत होता; बर्फावर यायची त्याला बंदी होती, टाळ्या वाजवायची नव्हती. आधी त्याच्या, मग सगळ्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. ग्लेनिसबाई पंचाजवळ सरकल्या, कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या, आणि ओठ फारसे न हलवता म्हणाल्या, "नाताळातला आमचा गोल तुम्ही चुकीचा नाकारलात."

"बरोबर नाकारला," पंचही हसत म्हणाला.

"चुकीचा," ग्लेनिसबाई म्हणाल्या, आणि फोटो निघाला.